मागे जुंपलेले बैल

आमच्या घरी गाडी आली ती आईच्या पाटल्यांच्या पुण्याईने. गेल्या पोळ्यापासून तिला दर पंधरवड्याला सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात न्यावे लागू लागले. आर्वीहून सेवाग्राम म्हणजे पन्नास-साठ किलोमीटर. पहाटेची एस.टी. गाठायची, वर्ध्याला उतरायचे, तिथून ऑटो करायचा. आणि परतताना भर उन्हात स्टँडवर गाडीची वाट पाहत बसायचे. एके रात्री तिचा श्वास कोंडला, तेव्हा भाड्याचा म्हणून ठरवलेला गाडीवाला आलाच नाही. त्यानंतर आठ दिवसांनी तिने पाटल्या काढून माझ्या हातावर ठेवल्या. "सैल होतात रे आता," एवढेच म्हणाली.

पाटल्यांचे आणि माझ्या दोन कादंबऱ्यांच्या मानधनाचे मिळून दोन लाख दहा हजार जमले. त्यांत कादंबऱ्यांचा वाटा दहा हजारांचा, हे जाता जाता सांगून टाकतो. एवढ्या पैशांत जुनीच गाडी येणार. एखाद्या शहाण्या मास्तराने चांगलीशी जुनी अल्टो पाहिली असती आणि तो मोकळा झाला असता. पण मला मागच्या चाकांनी चालणारी गाडी हवी होती. आणि ती का हवी होती, हे आईच्या पाटल्या खिशात असताना सांगायची मला लाज वाटत होती. कारण मला ती चालवण्याची मौज हवी होती!

हे वेड लहानपणचे. आमच्या गावी जिनिंगवाल्या शेटजींची फियाट होती. तिचा गिअरचा दांडा सुकाणूच्या चाकाशेजारी. शेटजींच्या ड्रायव्हरने मला एकदा मांडीवर बसवून ते चाक हाती दिले होते. मागून कुणी पाठीला तळहात लावून अलगद पुढे लोटावे, तसे मला वाटले. ते वाटणे पुढे तीस-पस्तीस वर्षे मनातून गेले नाही.

बैलगाडीचे बैल पुढे असतात, ते ओढतात. हल्लीच्या बहुतेक लहान मोटारींचेही तसेच. पुढच्याच चाकांनी ओढायचे आणि पुढच्याच चाकांनी वळायचे. माझ्या मनातल्या गाडीचे बैल मागे जुंपलेले. इंजिनाचा जोर पोटाखालच्या लांब दांड्यातून मागच्या आसाकडे जातो आणि मागची चाके गाडी ढकलतात. पुढच्या चाकांना फक्त वाट धरायची असते, त्यामुळे ती काय करताहेत ते हाताला नीट कळते. एकेकाळी आपल्याकडे घरोघरच्या गाड्या अशाच होत्या. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियरची फियाट ११०० डी १९६४ पासून निघू लागली. पुढे तिचेच नाव पद्मिनी झाले. बंगालमध्ये उत्तरपाड्याची अँबॅसडर तर २०१४ पर्यंत निघत होती. पण १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि बैल पुढे गेले.

पहिली पाहिली ती अर्थातच पद्मिनी. हिंगणघाटला एका वाड्यात ताडपत्रीखाली उभी होती. मी आमच्या गावच्या मेस्त्रींना बरोबर नेले होते. त्यांनी पायाखालचे रबर उचलले. खाली पत्रा गंजून जमीन दिसत होती. मी काकुळतीला येऊन म्हटले, "इंजिन तर चांगलं आहे ना?"

"इंजिन चांगलं हाय जी, गुरुजी. पण हे गाडी घ्याची असन त तिच्यासंगं एक मेस्त्री बी घरी ठेवा लागन."

शिवाय पंधरा वर्षांनंतर पुन्हा नोंदणी, मग दर पाच वर्षांनी तेच. त्याचे शुल्क २०२२ च्या एप्रिलपासून सहाशेचे पाच हजार झाले. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनीसुद्धा २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. मी ताडपत्री स्वतःच्या हाताने परत ओढली. आजाऱ्याला रात्री-बेरात्री न्यायचे आहे, हे त्या दिवशी घरी परतताना मी स्वतःला तीनदा बजावले.

मग पर्याय उरले थोडे. बोरच्या जंगलात वाघ दाखवणाऱ्या जिप्सीकडे पाहून मनात पाणी सुटले, पण किंमत ऐकून ते आटले. बोलेरो चांगली, पण आमच्या पैशांत मिळत होती ती आमच्यापेक्षा थकलेली. ओम्नी स्वस्त, ७९६ सी.सी.चे इंजिन सीटखाली, आणि कोणत्याही खेड्यात दुरुस्त होणारी. पण सौ.ने तिच्यात बसून एकच प्रश्न विचारला, "अहो, तुमच्या गुडघ्यांच्या पुढे काय आहे?" पत्रा होता. ओम्नी तिथेच संपली.

राहिली ईको. ही २०१० साली आली, ती आधीच्या व्हर्साचा नवा अवतार म्हणून. त्या व्हर्साची जाहिरात खुद्द बच्चन पितापुत्रांनी केली होती, तरी ती चालली नाही. तीच साध्या कपड्यांत आली आणि घरोघरी गेली. ११९६ सी.सी., पाच गिअर, आणि बैल मागे! नाक ओम्नीपेक्षा जरा पुढे. पण तो काही किल्ला नव्हे. २०१६ च्या परदेशी टक्कर-चाचणीत हिला एकही तारा मिळाला नाही. हे मी सौ.ला सांगितले. साठाच्या पुढे काटा नेणार नाही, असे वचन तिने घेतले, तेव्हा कुठे होकार मिळाला.

पुलगावची २०१३ ची एक ईको पाहायला गेलो तेव्हा मेस्त्री म्हणाले, "मालकाले आधी सांगू नका जी. इंजिन थंडं असतानाच पाहाचं." त्यांनी सीट उचलून इंजिनाला हात लावून पाहिले, मग चावी फिरवली आणि धुराकडे पाहिले. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल पिते. निळा नव्हता. क्लच सोडताना मागून 'टक्' असा आवाज आला. माझा चेहरा पडला. मेस्त्री मात्र खूष झाले. दांड्याचा क्रॉस झिजला होता. तो थोडक्यात बदलतो, पण त्याच्या नावावर मालकाला खाली आणता येते. चढत्या वेगाबरोबर मागच्या आसातून रडका सूर निघाला असता, तर मात्र ते उठून चालू लागले असते. चासीचा नंबर पुस्तकाशी ताडला, बँकेचा बोजा उतरल्याचा कागद पाहिला. दोन लाख तीसला मागितलेली गाडी एक लाख पंच्याण्णवला तुटली.

परतताना मी चालवली. खिडक्या खडखडत होत्या, सुकाणू जड होते, आणि ईकोला मौजेची गाडी म्हटले तर लोक हसतील. पण पहिल्याच वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये पाय किंचित दाबला आणि पाठीला तो तळहात लागला. मी काही बोललो नाही. मेस्त्रींनी माझ्याकडे पाहिले आणि तेही काही बोलले नाहीत.

यंदाच्या आषाढात एक फजिती झाली. शेताकडच्या रस्त्यावर काळी माती भिजून लोण्यासारखी झाली होती. रिकामी गाडी, मागे वजन नाही, आणि शेपूट सरकून गाडी अर्धी धुऱ्यावर गेली. ट्रॅक्टरने ओढून काढली. घरी येऊन मी सौ.ला समजावत होतो की अशा गाडीला मागच्या चाकांवर भार लागतो, पावसाळ्यात सरकीची दोन पोती टाकून ठेवली पाहिजेत. आई पलंगावरून ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी सेवाग्रामला निघताना मी नेहमीप्रमाणे तिच्यासाठी पुढचे दार उघडले. ती त्याच्याकडे न पाहता मागच्या दाराशी गेली.

"पोती कशाला टाकतोस?" ती म्हणाली. "मी बसते ना मागे. आणि त्या खरांगण्याच्या वळणावर आज जरा हळू घेऊ नकोस. तिथं पाठीला बरं वाटतं."