तेलाचा ताप

रत्नागिरीस जावयाचें म्हटलें कीं घाट उतरणें आलें आणि परतावयाचें म्हटलें कीं तो चढणें आलें. कोल्हापुराहून मलकापूर, आंबा, मग घाट, पायथ्याशीं साखरपा, पुढें पाली व हातखंबा अशी ही वाट. उतरतांना इंजिनास फारसें काम नसतें. त्यामुळें कोंकणांत येणाऱ्या माणसाचा आपल्या मोटारीविषयीं फार चांगला ग्रह होतो. खरी परीक्षा परतीच्या दिवशीं.

आमच्या घरीं १९५१ सालची, इंग्लंडांत ॲबिंग्डन येथें तयार झालेली, एम्. जी. टी-डी जातीची दोन आसनांची उघडी मोटार आहे. १९४९ ते १९५३ ह्या अवधींत ह्या जातीच्या सुमारें तीस हजार गाड्या बनल्या आणि त्यांतील बहुतेक अमेरिकेस गेल्या. इंजिन १२५० घनसेंटिमीटरांचें. आजच्या साध्या घरगुती मोटारीपुढेंही त्याची शक्ति बेताचीच. परंतु कापडी टप मागें सारून आणि पुढची कांच आडवी करून आरे-वारेच्या किनाऱ्यानें गणपतीपुळ्याकडे निघावें, डाव्या हातास समुद्र असावा आणि वाऱ्याबरोबर खारट वास यावा, म्हणजे शक्तीचा हिशेब कोणी मांडीत नाहीं.

गतवर्षीं मात्र हिशेब मांडण्याची वेळ आली. परततांना आंबा घाटाच्या मध्यावर तेलाच्या दाबाचा काटा पन्नास पौंडांवरून पस्तिसांवर उतरला. ह्या एका लक्षणाचीं कारणें दोन असूं शकतात. तेल तापून पातळ झालें असलें तरी दाब उतरतो. बेअरिंगें झिजून त्यांतील फटी वाढल्या असल्या तरीही उतरतो. पहिल्यास अर्धा तास विश्रांति हें औषध पुरे. दुसऱ्यास इंजिन खोलणें, क्रँक घासून घेणें आणि विलायतेहून भाग मागविणें, म्हणजे शस्त्रक्रियाच! आमच्या गाडींत दाबाची तबकडी आहे, उष्णतेची नाहीं. ज्वर किती हें न पाहतां केवळ नाडीवरून निदान करावें, तसा हा प्रकार. थोरल्या काकांचें मत झालें कीं आतां गाडी विकून टाकावी; एक गृहस्थ पाहावयास येणार हेंही ठरलें. त्यापूर्वीं एकवार तेलाचा ताप मोजून पाहावा एवढी सवलत आम्हीं मागून घेतली आणि गाडी पुनः रत्नागिरीस आणली.

उष्णतामापकें दोन तऱ्हेचीं मिळतात. विजेच्या मापकांत तेलांत बुडालेला एक खडा असतो. तो तापला कीं त्याचा विद्युत्‌रोध कमी होतो आणि काटा हलतो. हें बसविण्यास सोपें. पण आमच्या गाडीच्या बॅटरीचें धन टोंक सांगाड्यास जोडलेलें आहे, आणि आजचीं मापकें ऋण टोंक जोडलेलें असतें असें धरून केलेलीं असतात. शिवाय समुद्रकांठीं तारांचे सांधे किती लवकर हिरवे पडतात हें रत्नागिरीकरांस सांगावयास नको. म्हणून आम्हीं जुन्या तऱ्हेचें यांत्रिक मापक घेतलें. त्यांत एक भरींव दिसणारा पितळी बल्ब व त्यास जोडलेली केसासारख्या पोकळीची तांब्याची नळी असते. बल्बांतील द्रव तापला म्हणजे नळींतील दाब वाढतो आणि तबकडीमागील वांकडी नळी किंचित् सरळ होऊन काटा फिरवते. ही वांकडी नळी बूर्दों नांवाच्या फ्रेंच कारागिरानें १८४९ सालीं काढली. नळी मात्र कापतां येत नाहीं कीं मुडपतां येत नाहीं. लांबी उरली तर सैल वेटोळें करून ठेवावी लागते.

बसविणारा आम्हांस मिरकरवाड्याच्या बंदरावर भेटला. मासेमारीच्या लाँचींचीं इंजिनें दुरुस्त करण्याचा त्याचा धंदा. भर समुद्रांत इंजिन बसलें तर तांडेलास कोठें उतरून मदत मागतां येत नाहीं. त्यामुळें काटे पाहण्याची संवय ज्या लोकांस जन्मतः लागते अशांपैकीं तो. आमची छानदार गाडी पाहून त्यानें प्रशंसेचा एक शब्दही काढला नाहीं. खालीं वांकून तेलाचें चेंबर पाहिलें आणि म्हणाला, "साहेब, तेल सोडायचा प्लग आहे ना, तिथूनच आंत घालूं. पण खालीं लोंबतां नये, नाहींतर पहिल्या गतिरोधकाला जाईल."

जुन्या प्लगाच्या जागीं बल्ब घेणारा नवा प्लग लेथवर कांतून घ्यावा लागला. ह्या इंजिनाची एक मौज आहे: त्याच्या बोल्टांचीं डोकीं इंग्रजी पान्यांचीं, पण आंटे मिलिमीटरांचे. ज्या कॉव्हेन्ट्रीच्या कारखान्यांतून हा वंश निघाला तो मूळचा हॉचकिस नांवाच्या फ्रेंच कंपनीचा. १९२३ सालीं मॉरिस यांनीं तो घेतला, पण फ्रेंच आंटे तसेच राहिले. सासरीं नांव बदललें तरी माहेरची बोली सुटत नाहीं, त्यांतला प्रकार! चेंबर ॲल्युमिनियमचें असल्यानें प्लग जपून आवळला आणि नळी धुराच्या तप्त नळापासून दूर बांधली.

तबकडी कोठें लावावी ह्यावर घरांत दोन दिवस वाद झाला. चालकासमोरील लाकडी फळीस भोंक पाडण्यास काकांची सक्त मनाई. "सत्तर वर्षांत कोणीं छिद्र पाडलें नाहीं, तें तुम्हीं पाडूं नये." आम्हांस तें पटलें, फळीखालीं पूर्वींच्याच एका स्क्रूला पत्र्याची पट्टी धरून तींत तबकडी बसविली. पट्टी काढली कीं गाडी होती तशी.

बसविण्यापूर्वीं मापक खरें बोलतें कीं नाहीं हें स्वयंपाकघरांत पाहिलें. रत्नागिरी समुद्रसपाटीची, तेव्हां उकळतें पाणी शंभर अंशांवर असलेंच पाहिजे. आधणांत बल्ब बुडविला; काटा शंभराच्या रेघेवर जाऊन स्थिर झाला. काकू म्हणाल्या, "तेल तापलें कीं नाहीं हें कळायला आम्हांला नाहीं बाई तबकडी लागत. मोहरी टाकली कीं कळतें." इंजिनांत मोहरी टाकतां येत नाहीं, एवढेंच आमचें न्यून.

पहिले चार दिवस काट्यानें उलटेंच सांगितलें. घरापासून बाजार, बाजारापासून भाट्याचा पूल, फार तर थिबा राजवाड्याची चढण, एवढ्या फेऱ्यांत तेल साठ अंशांपुढें जाईना. पाणी लवकर तापतें, तेल सावकाश. ऐंशीच्या आंत राहिलेल्या तेलांतील दमटपणा उडून जात नाहीं. तेल भरण्याच्या झांकणाखालीं सांचणारा दह्यासारखा पांढरा साका कोठून येतो तें तेव्हां उमगलें. आरे-वारेची लांब फेरी केली तेव्हां काटा पंचाऐंशीवर आला, दाब बावन्न पौंड, आणि साकाही दिसेनासा झाला. बेअरिंगें झिजलेलीं असतीं तर एवढ्या तापलेल्या तेलावर दाब असा राहता ना. पण काका म्हणाले, "घाट पाहूं."

परतीच्या दिवशीं काका स्वतः शेजारीं बसले, मांडीवर वही. इतर मंडळी मोठ्या गाडींतून पुढें गेलीं. ११५ अंश झाले कीं थांबावयाचें असा करार होता. साखरप्यास ९० आणि पन्नास. घाट लागला, पुढें भरलेला ट्रक आला, आणि दुसऱ्या गिअरमध्यें रांगत चढतांना चेंबरास वारा मिळेना: १०२ व पंचेचाळीस, १०९ व एक्केचाळीस, ११५ व छत्तीस. गाडी कडेस घेतली. दरींतून ढग वर येत होता. काका वहींत आंकडे लिहीत होते आणि आम्ही दोघेही कांहीं बोललों नाहीं. अर्ध्या तासानें काटा ९२ वर उतरला. इंजिन सुरू केलें, पूर्वींइतकेच फेरे ठेवले. दाब पुनः पन्नास. ट्रक निघून गेला होता. मोकळ्या वाटेवर १०६ पलीकडे काटा गेला नाहीं.

मलकापुरास चहा घेतांना काकांनीं वही पुनः एकदां वाचली, खिशांतून फोन काढला आणि गाडी पाहावयास येणाऱ्या गृहस्थांस येण्याची तसदी घेऊं नये असें कळविलें.