टेसूचा रंग आणि पाठ केलेला क्रम

होळी जवळ आली की झाशीतल्या आमच्या मराठी घरात एरचचं नाव निघतंच. बेतवाकाठचं हे गाव म्हणजे हिरण्यकश्यपूची राजधानी, होळी इथूनच सुरू झाली, अशी बुंदेलखंडाची श्रद्धा. त्यातला इतिहास इतिहासकारांनी बघावा; माझ्यासारख्या रसायनाच्या मास्तराला वर्गासाठी टेसू हवा असतो. टेसू म्हणजे आपला पळस.

फुलं उकळली की पिवळा-केशरी रंग सुटतो. या रंगाच्या रेणूंवर हायड्रॉक्सिल गट असतात, सुती कापडातल्या सेल्युलोजवरही असतात. त्यांच्यात हायड्रोजन बंध जुळतात. पण धुताना पाणीही तसेच बंध जुळवून रंगाला ओढून नेतं. तुरटी घातली तर ॲल्युमिनियमचा आयन मध्ये पडून कापड आणि रंग दोघांनाही धरतो. हे बळ निराळ्या जातीचं, म्हणून रंग जास्त टिकतो.

इथवर वर्ग खूश असतो. ‘हायड्रोजन बंध सर्वांत बलवान, मग द्विध्रुव, शेवटी लंडन बल,’ रेणूंमधल्या आकर्षणांचा हा क्रम मुलं पाठच करून आलेली असतात. तेव्हा मी मेणबत्ती पुढे ठेवतो. मेणात नुसतं लंडन बल, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या ढगाच्या हलण्यातून येणारं क्षणिक आकर्षण, तरी ते घट्ट. पाण्यात हायड्रोजन बंध, तरी ते वाहतं. आयोडीनच्या रेणूला तर ध्रुवच नाहीत, पण तो 114 अंश सेल्सियसला वितळतो! हायड्रोजन क्लोराइड हायड्रोजन आयोडाइडपेक्षा कितीतरी जास्त ध्रुवीय. उकळतं मात्र उणे 85 ला, आणि आयोडाइड उणे 35 ला. मोठ्या रेणूचा इलेक्ट्रॉनांचा ढग सहज हलतो, तिथे लंडन बल ध्रुवीयतेवर मात करतं.

मग तो क्रम खोटा? नाही, पण तो सारख्या आकाराच्या रेणूंपुरताच. प्रोपेन, डायमिथिल ईथर, इथेनॉल यांचे रेणुभार 44, 46, 46. उत्कलनबिंदू उणे 42, उणे 24 आणि 78. इथे क्रम चोख लागतो. माझ्या मते ही तीन नावं फळ्यावर आल्याशिवाय तो क्रम सांगूच नये.

परीक्षेत विचारतात ते एका ओळीत, हे खरं. तरीही शिक्षकमित्रांनो, उत्तरापुढे ‘रेणुभार जवळपास सारखे असतील तर’ एवढे शब्द मुलांकडून लिहून घ्या.