चाल

रात्री अकरानंतर आमच्या इमारतीतली लिफ्टही थांबते. मग मी ते ध्वनिमुद्रण लावते. आधी नुसता नगारा. एक लांब ठोका, दोन आखूड, पुन्हा दोन लांब, आणि शांतता. ठोका कुठल्यातरी उंच दगडी छताला लागून परत येतो. तो विरला की चार ट्रम्पेट दबक्या आवाजात एक ओळ म्हणतात आणि थांबतात. पुन्हा नगारा. पुन्हा एक ओळ. सगळं मिळून दोनेक मिनिटांचं संगीत.

इंग्रज संगीतकार हेन्री पर्सेलचं हे शोकसंगीत ५ मार्च १६९५ रोजी लंडनमध्ये वाजलं. इंग्लंडची राणी दुसरी मेरी आदल्या २८ डिसेंबरला देवीच्या रोगाने गेली होती. वय अवघं ३२. व्हाइटहॉलपासून वेस्टमिन्स्टर ॲबेपर्यंत निघालेल्या अंत्ययात्रेत संसदेची दोन्ही सभागृहं चालत होती. एरवी गादीवरचा राजा किंवा राणी गेली की संसद विसर्जित व्हायची, पण मेरीच्या जोडीने राज्य करणारा विल्यम हयात होता, म्हणून या वेळी संसद शिल्लक राहिली आणि यात्रेत आली.

मराठीत गाण्यालाही चाल असते आणि माणसालाही. हे संगीत ऐकायला लागल्यापासून मला वाटतं, या दोन गोष्टींना एकच शब्द देणाऱ्या आपल्या पूर्वजांना काहीतरी नेमकं कळलं होतं.

वडिलांची पेटी माझ्याकडे आहे. एकदा तिच्यावर हा सूर शोधला. पर्सेलचा षड्ज पांढरी एक. त्यावर काळी दोन, म्हणजे कोमल गंधार, आणि पंचम. एवढ्यानेच खोली बदलते. पण जुन्या पद्धतीच्या वाद्यांवरचं दुसरं ध्वनिमुद्रण लावलं तेव्हा पेटी जुळेना. त्या काळच्या सुरांच्या हिशेबाने ते जवळजवळ अर्धा स्वर खाली होतं. षड्ज पांढरी सातवर उतरला तेव्हा जुळलं. अर्धाच स्वर, पण आवाज जमिनीच्या जवळ आल्यासारखा वाटला.

या कोमल गंधाराची एक गोष्ट आहे. त्या काळचा साधा ट्रम्पेट म्हणजे भोकं नसलेली, कळ नसलेली लांब नळी. फुंकरीचा जोर बदलून जे स्वर निघतील तेच त्याचे. त्यात षड्ज मिळतो, पंचम मिळतो, शुद्ध गंधारही मिळतो. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा आपला स्वयंभू गंधार शुद्धच असतो, तसंच हे. कोमल गंधार मात्र निसर्ग त्या नळीला देत नाही. म्हणून इंग्लंडमध्ये सरकत्या नळीचे ट्रम्पेट केले गेले. वाजवणारा हाताने नळी मागे, डोक्याच्या बाजूने खांद्यापलीकडे ओढायचा आणि हवा तो स्वर घडवायचा. मला ते चौघे दिसतात. मिरवणुकीचं, विजयाचं ते वाद्य ओठांना लावून प्रत्येक कोमल स्वरासाठी हात मागे नेणारे. त्या शोकाचा स्वर आयता मिळालेला नव्हता. तो कुणीतरी हाताने ओढून आणत होतं.

तरी दुःख फक्त कोमल गंधारात असतं असं नाही. संगीतकार हँडेलच्या १७३९ सालच्या ‘सॉल’ या ऑरेटोरिओमधला शोकमार्च शुद्ध गंधाराचा आहे, मेजर स्वरातला. त्यासाठी हँडेलने टॉवर ऑफ लंडनमधून तोफखान्याचे मोठे नगारे मागून आणले होते. त्यात एकही उदास स्वर शोधून सापडत नाही, आणि ऐकताना घसा दाटतो. मग दुःख येतं कुठून? माझं उत्तर एकच आहे. चालीतून. पाऊल उचलायचं, क्षणभर थांबायचं, मग टेकवायचं. ज्या लयीत माणूस एरवी कधीच चालत नाही, त्या लयीत.

म्हणून लय फार महत्त्वाची. काही ध्वनिमुद्रणांत पर्सेलचं हे संगीत इतकं विलंबित घेतात की दोन ठोक्यांमध्ये पाऊल अधांतरी राहतं. ऐकायला भव्य वाटतं, पण त्यावर चालता येत नाही. आपल्यापर्यंत आलेल्या त्याच्या स्वरलेखनात नगारा लिहिलेलाच नाही. फक्त चार ट्रम्पेट आहेत. तो नगारा पुढच्यांनी घातला. बहुधा त्यांनाही उमगलं असेल की, दोन ओळींच्या मधे कुणाचीतरी पावलं ऐकू यायला हवीत.

वडील गेले तेव्हा आम्हाला चालावं लागलं नाही. शववाहिनी आली. मी आत त्यांच्या पायाशी बसले. सिग्नलला थांबलो, एका रिक्षाने हॉर्न दिला, आणि दहा मिनिटांत विद्युतदाहिनीच्या दारात पोचलो. सगळं सोयीचं, वेळेत. घर आणि ते दार यांच्यामधला रस्ता मात्र माझ्या पायांना कधी कळलाच नाही. ज्यांनी बोट धरून मला चालायला शिकवलं, त्यांच्यासोबतचं शेवटचं चालणं राहूनच गेलं.

मेरीच्या अंत्ययात्रेच्या वेळी पर्सेल पस्तिशीत होता. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला तो गेला. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये, ज्या ऑर्गनवर त्याने वर्षानुवर्षं बोटं फिरवली त्याच्याजवळ, त्याला पुरलं. आणि मेरीसाठी केलेलं संगीत त्याच्यासाठी वाजलं. राणीला पोचवण्यासाठी बांधलेली चाल आठ महिन्यांनी बांधणाऱ्याच्याच कामी आली.

आज रात्री मी पांढरी सातवरचं ध्वनिमुद्रण लावलं आणि उठले. बेडरूमपासून बाहेरच्या दारापर्यंत आमचा पॅसेज नऊ पावलांचा आहे. नगाऱ्याबरोबर पहिलं पाऊल टाकलं. उचललं, थांबले, टेकवलं. ट्रम्पेटची ओळ आली तेव्हा वडिलांच्या पेटीपाशी होते. ओळ संपली, मीही थांबले. त्या दोन ओळींमधल्या शांततेत कुणी हॉर्न दिला नाही. मग नगारा वाजला आणि पाऊल आपणहून पुढे पडलं. दाराशी पोचायला दोन्ही मिनिटं लागली.