चार दिशांचा खेळ, आठ दिशांचा दांडा

विषय तसा क्षुल्लक आहे, आणि साहित्याच्या प्राध्यापकांनी त्यावर लिहावे असा तर मुळीच नाही. तरीही गेल्या दिवाळीच्या सुट्टीतले कितीतरी दिवस आम्ही दोघांनी एका दांड्यापायी घालवले, आणि त्याने आमच्या अध्यापनातली एक जुनी चूक आमच्या पदरात घातली. म्हणून हा प्रपंच.

आमच्यापैकी एकाचे बालपण तालुक्याच्या गावी, एस.टी. स्टँडमागच्या व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये गेले. दुसरीने आपल्या गावातले पार्लर फक्त बाहेरून पाहिले. मुलींनी आत जायचे नाही, असा नियम कुठे लिहिलेला नव्हता. तो मोडण्याची छातीही कुणाची नव्हती. त्या जुन्या उण्याची भरपाई म्हणा, आम्ही अकरा वर्षांच्या मुलीसाठी सुताराकडून प्लायवूडचा खोका करवून घेतला, आत जुना संगणक बसवला आणि जॉयस्टिक मागवली. चार दिशांची हवी की आठ, असे विक्रेत्याने विचारले. आठ म्हणजे अधिक, म्हणून आठ दिशांची घेतली.

पहिला खेळ अर्थातच पॅक-मॅन. तोरू इवातानी यांनी नाम्को या जपानी कंपनीसाठी रचलेला हा खेळ 1980 साली आला. त्यातल्या चक्रव्यूहात सगळी वळणे काटकोनी; तिरपी वाट एकही नाही. मूळ यंत्राचा दांडाही चारच दिशांचा. आमच्या खोक्यावर मात्र मुलगी ऐन वळणावर चुकू लागली. डावीकडे धावणारा तो पिवळा गोळा वर वळायचा सोडून सरळ पुढे जाई आणि भुताच्या तोंडी पडे.

"मी वरच ढकललं होतं," ती म्हणे.

"घाई करतेस. हात आवर," आम्ही म्हणत असू.

तिसऱ्या दिवशी तिने खोक्यावर चादर टाकली. "मला नाही येत हे," एवढेच म्हणाली.

त्या रात्री आम्ही दोघांनी चादर काढली आणि खेळून पाहिले. पार्लरमध्ये मुरलेला हातही त्याच वळणांवर चुकला. तेव्हा कुठे खोका उघडण्याची बुद्धी झाली.

दांड्याखाली चार मायक्रोस्विच असतात, एकेका दिशेला एकेक. गंमत अशी, की आठ दिशांच्या आमच्या दांड्यातही स्विच चारच निघाले. तिरप्या दिशेला स्वतंत्र स्विच नाही. शेजारचे दोन एकदम दाबले गेले, की झाली तिरपी दिशा. डावीकडून वर जाताना हात नकळत त्या कोपऱ्यातून जातो. क्षणभर 'डावे' आणि 'वर' हे दोन्ही शब्द एकदम उच्चारले जातात. चारच शब्द जाणणाऱ्या खेळाला हा जोडशब्द उमगत नाही. 1981 च्या डाँकी काँगमध्ये शिडी चढताना-उतरताना होणारी तारांबळही याच जातीची.

यावर उपाय दोन. पहिला लोखंडी शिस्तीचा. दांड्याची हालचाल ज्या चौकोनी चौकटीत होते, तिचे कोपरे तिरप्या दिशांना असतात. ही चौकट 45 अंशांनी फिरवली, की ती शंकरपाळ्यासारखी दिसते. कोपरे सरळ दिशांना येतात आणि तिरप्या दिशेला सपाट कड आडवी येते. दोन स्विच एकदम दाबले जाण्याइतके अंतर दांड्याला मिळत नाही. काही दांड्यांत, उदाहरणार्थ सान्वा कंपनीच्या जेएलएफमध्ये, ही सोय मुळातच असते. अडचण एवढीच, की पुढे आठ दिशांचा खेळ खेळायचा तर पुन्हा स्क्रू काढा आणि चौकट फिरवा.

दुसरा उपाय हाताला न अडवता त्याचे म्हणणे समजून घेण्याचा. जुने खेळ संगणकावर जिवंत ठेवणारा 'मेम' हा प्रोग्रॅम 1997 पासून आहे. चार दिशांच्या खेळात दोन स्विच एकदम दाबले गेले, तर त्यांतला नव्याने दाबला गेलेला कोणता, हे तो पाहतो आणि त्याला कौल देतो. डावीकडे जाणाऱ्याने आता 'वर' दाबले आहे, तर त्याला वर जायचे आहे. अर्थ लावण्याची ही रीत आम्हांला फार शहाणपणाची वाटली.

आणि तिथेच एक कागद आठवला. 'तुकारामांची कविता भक्तीची की विद्रोहाची?' असा प्रश्न आम्ही ट्यूटोरियलला दिला होता. एका विद्यार्थिनीने दोन्हींविषयी लिहिले. आम्ही 'भूमिका स्पष्ट नाही' असा शेरा मारून दहापैकी चार गुण दिले. नंतरच्या तासांना ती मागच्या बाकावर बसू लागली.

कपाटातून तो कागद काढून पुन्हा वाचला. पहिली दोन परिच्छेदभर ती भक्तीच्या वाटेने चालली होती. तिसऱ्यात तिने वळण घेतले होते, आणि ते वळण हेच तिचे उत्तर होते. तिची भूमिका स्पष्ट होती. दोन शब्द एकदम ऐकू आले म्हणून आम्ही गोंधळलो, आणि गोंधळ तिच्या नावावर मांडला. प्रश्नाची चौकट आमची होती, हे आमच्या ध्यानातही आले नव्हते.

गुण बदलण्याची वेळ निघून गेली होती. सुट्टी संपल्यावर तिला स्टाफरूममध्ये बोलावून चूक आमची होती, एवढे सांगितले. ती काही बोलली नाही. कागद मात्र मागून घेतला.

घरी तर त्याआधीच माफी मागून झाली होती. मुलीने दोन्ही उपाय करून पाहिले आणि चौकट चौकोनीच ठेवायला सांगितली. हल्ली जेवणे आटोपल्यावर खोक्यापुढे अनेकदा तिची आई बसलेली असते. वळण चुकले, की मुलगी मागून म्हणते, "हात आवर." असो.