आमची निद्रा-साधना

बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र या तिघींची कीर्ती उत्तर हिंदुस्थानात फार जुनी आहे. दिवसा ऊन कितीही तापले तरी माळव्याच्या पठारावर रात्री वारा गार होतो, अंगावर काहीतरी ओढून घ्यावेसे वाटते आणि मनुष्य सुखाने झोपी जातो. पिढ्यान्‌पिढ्या इंदुरात राहिलेल्या आमच्या घराण्यास या रात्रीचा मोठा अभिमान. परंतु तिची स्तुती करणारे बहुतेक लोक दहाच्या ठोक्यास घोरू लागतात, त्यामुळे ती पुरती पाहिलेली माणसे थोडी. आम्ही मात्र ती पहिल्या प्रहरापासून चौथ्या प्रहरापर्यंत, साऱ्या ऋतूंत, सुमारे सात वर्षे पाहिली आहे. तेव्हा संपादक-मंडळाने हा विषय आमच्या गळ्यात घातला यात नवल नाही.

परीक्षेच्या आदल्या रात्री विद्यार्थ्यास झोप लागत नाही, तिला आम्ही निद्रानाश म्हणत नाही. ती भीती होय, आणि निकालाबरोबर ती जाते. आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री झोप बिघडावी, असे तीन महिन्यांवर चालावे आणि दिवसाच्या कामास त्याचा उपद्रव व्हावा, म्हणजे वैद्यकशास्त्र त्यास जुनाट निद्रानाश मानते. आमच्या दुखण्याने या तिन्ही अटी पहिल्याच वर्षी पुऱ्या केल्या होत्या.

त्याचा उगम सांगितला पाहिजे. २०१५ साली आमच्या मातोश्री अंथरुणास खिळल्या. आठ महिने त्या तशाच होत्या. दिवसा आमच्या सौभाग्यवती त्यांच्यापाशी असत, आणि रात्र आम्ही आमच्याकडे घेतली होती. रात्री दोनच्या सुमारास आईस हटकून तहान लागे. ती हळूच हाक मारी. पाणी पाजावे, कूस बदलून द्यावी, पाठीस पावडर लावावी आणि तिचा डोळा लागेपर्यंत उशाशी बसावे, असा क्रम होता. पुढे आई गेली. दिवस झाले, पाहुणे आपापल्या गावी परतले, तिची खाट माळ्यावर गेली. परंतु रात्रीचे दोन वाजले की आमचा डोळा खाडकन उघडे. हाक नसे, पण जाग येई. घरात एवढी शांतता असे की आपण कशासाठी उठलो हे कळावयास क्षणभर लागे, आणि कळल्यावर झोप येणे शक्यच नसे.

आमच्या वडिलांच्या बाबतीत असेच काहीसे घडलेले आम्ही पाहिले होते. ते येथील एका कापड गिरणीत रात्रपाळीस असत. भर दुपारी रस्त्यावर वरात वाजत असली तरी ते निवांत झोपत. पुढे इंदूरच्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. हुकुमचंद मिलदेखील १९९१ च्या डिसेंबरात बंद झाली. वडिलांची गिरणी मिटली तेव्हा त्यांस रात्रीची झोप मोकळी झाली, असे आम्हां मुलांस वाटले. ते मात्र पुढे कित्येक महिने पाळीच्या वेळी उठून अंगणात बसत. शरीरास घड्याळ असते, हे त्यावेळी आम्हांस ठाऊक नव्हते. ते पेशींत कसे चालते याचा उलगडा करणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन शास्त्रज्ञांस २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मालकास गिरणीचा भोंगा बंद करता येतो. अंगातला भोंगा कोणाच्या हुकमाने थांबत नाही.

असो. आमच्या निद्रानाशाची वार्ता वाड्यात पसरली, आणि उपायांचा नुसता पाऊस पडू लागला. मनुष्यास ज्वर आला तर लोक डॉक्टरांचे नाव सांगतात. झोप येत नाही म्हटले की प्रत्येक जण स्वतःच डॉक्टर होतो. शेजारच्या काकूंनी काशाची वाटी आणून दिली. तळपायास तूप लावून ती घासावयाची, तळवे काळे होईपर्यंत. आमच्या सौ. रोज रात्री हा उद्योग करीत आणि घासता घासता त्यांसच पेंग येई. दुसऱ्या एका स्नेह्याने दुधात जायफळ उगाळून घेण्यास सांगितले, आणि दूध म्हशीचेच असावे अशी ताकीद दिली. या ताकिदीस आधार आहे. चरकसंहितेत म्हशीचे दूध निद्रानाशावर हितकर सांगितले आहे. त्याच ग्रंथात आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले असून, झोपेसाठी तैलाभ्यंग, स्नान, दही-भात, मनास रुचणारे गंध आणि आवाज, असे कितीतरी सुखद उपचार दिले आहेत. त्या यादीत कडू असे काही फारसे नाही, म्हणून ती आम्ही आनंदाने पाळली. वजन पाच किलोंनी वाढले.

निजण्यापूर्वी तास-दीड तास ऊन पाण्याने स्नान करण्याचा मात्र थोडा गुण आला. त्याचे कारण पुढे वाचनात आले ते असे : ऊन पाण्याने हातापायांकडील रक्ताभिसरण वाढते, त्या वाटेने अंगातील उष्णता बाहेर पडते, आणि आतले तापमान उतरू लागले की झोपेस अनुकूल होते.

कोणी नामस्मरण सुचविले. ते उत्तम साधन आहे यात शंका नाही. परंतु आमच्यासारख्या मास्तरास आकडा चुकवून चालत नाही. एकशे आठांची माळ किती वेळा झाली याचा हिशेब ठेवण्यात आम्ही अधिकच टक्क जागे होत असू. कोणी म्हणाले, नीरस पुस्तक वाचावे. आम्ही माळ्यावरून आजोबांच्या वेळची किराण्याची वही काढली. तीत तूप, गूळ आणि ज्वारी यांचे असे काही भाव निघाले की पहाटे चारपर्यंत ती हातातून सुटेना.

काही रात्री आम्ही सरळ उठून चालू लागत असू. सराफ्यात दिवसा सोने विकतात, आणि दुकानांच्या फळ्या लागल्या की त्याच ओट्यांपुढे खाण्याचा बाजार भरतो. मध्यरात्र उलटली तरी तेथे भुट्ट्याचा कीस, साबुदाण्याची खिचडी, जिलेबी आणि थंडीत तळलेला गराडू मिळतो. जगात आपल्याखेरीज आणखीही माणसे जागी आहेत एवढाच दिलासा आम्हांस तेथे हवा असे. परंतु ती माणसे हौसेने जागत होती. घरी जाऊन पडताच त्यांस झोप लागणार होती, हे त्यांच्या चेहऱ्यांवर स्पष्ट दिसे. आणि आम्ही राजवाड्यावरून परत फिरताना अधिकच एकटे होत असू.

गोळीही झाली. एका डॉक्टरांनी ती थोड्या दिवसांसाठी दिली होती. पहिल्या रात्री आम्ही सहा तास झोपलो आणि सकाळी देवापुढे नारळ फोडला. पुढे तेवढ्याच गोळीने पाच तास, मग चार. घेतली नाही तर पहिल्याहून वाईट रात्र. या वर्गातील औषधांची शरीरास सवय होते, आणि ती एकाएकी सोडणे धोक्याचे असते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी लागतात. वाचकांपैकी कोणाच्या घरी अशी गोळी चालू असेल तर त्यांनी हा लेख वाचून ती आजच फेकून देऊ नये, एवढी विनंती आहे.

या काळात आमचे काय झाले ते थोडक्यात सांगतो. वर्गात शिकविताना वाक्याचे शेपूट विसरू लागलो. ज्या मुलांच्या तीन पिढ्यांची नावे आम्हांस पाठ, त्यांस नुसते ‘अरे’ म्हणू लागलो. लक्ष्मण चौदा वर्षे जागला आणि त्याच्या वाट्याची झोप ऊर्मिलेने घेतली, अशी लोककथा आहे. आमच्या घरी उलट झाले. आम्ही कूस बदलली की सौ. उठून बसत, दिवा लावला की पाणी आणत. दोघांच्या दोन झोपा होत्या, त्या दोन्ही गेल्या. एके दिवशी त्या स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता बसल्या जागी झोपलेल्या दिसल्या. विळीवर हात होता. त्या दिवशी आम्ही ठरविले की आता वाड्यातील वैद्यकी पुरे.

येथील एका रुग्णालयात आमचीच एक जुनी विद्यार्थिनी मनोविकारतज्ज्ञ आहे. तिने सर्व ऐकून घेतले आणि औषध न लिहिता एक कोरी वही हाती दिली. “सर, दोन आठवडे फक्त नोंद करा,” ती म्हणाली. अंथरुणावर कधी गेलो, अंदाजे कधी झोप लागली, किती वेळा उठलो, केव्हा बाहेर आलो, आणि दिवसभरात चहा किती वेळा. शेवटच्या रकान्याने आमची जरा अडचण केली. चहातील कॅफीन निम्मे उतरावयास सुमारे पाच तास लागतात, हे तेव्हा कळले. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि त्यामुळे झोपेचा दाब वाढतो. कॅफीन त्याचीच वाट अडविते. सायंकाळी सहाचा आमचा मोठा कप रात्री अकरा वाजताही निम्मा जागाच असे.

वही भरली. हिशेब असा निघाला की आम्ही रात्री नऊ वाजताच अंथरूण धरतो, सकाळी सहास सोडतो, आणि या नऊ तासांत झोप होते ती सुमारे पाच तास. (झोप मुळीच येत नाही, असे आम्ही सर्वांस सांगत होतो. सौ.चे म्हणणे, मधूनमधून घोरणे ऐकू येते. निद्रानाशाचे रोगी स्वतःची झोप प्रत्यक्षाहून कमी मानतात, असे डॉक्टरीणबाईंनीही सांगितले, तेव्हा सौ.चा चेहरा पाहण्यासारखा झाला.) उरलेले चार तास आम्ही अंथरुणावर जागण्याचा सराव करीत होतो. रोज, न चुकता.

तिने समजाविले ते आम्ही येथे आमच्या शब्दांत मांडतो. निद्रानाशास लावणारे कारण एक असते आणि त्यास टिकविणारे कारण दुसरे. आईच्या आजारपणाने तो लागला. परंतु झोप पकडण्यासाठी लवकर निजणे, पडून राहणे, घड्याळ पाहणे, दुपारी भरपाई करणे, यांनी तो टिकला. अंथरूण, अंधार आणि जागेपण यांची शरीरात गाठ बसली होती. ती सोडविण्याचे दोन मार्ग आहेत. रिचर्ड बूटझिन या मानसशास्त्रज्ञाने १९७२ साली मांडलेला पहिला असा : झोप दाटून आल्याखेरीज अंथरुणावर जावयाचे नाही, आणि ती येत नसेल तर उठून दुसरीकडे जाऊन बसावयाचे. दुसरा आर्थर स्पीलमन यांनी १९८७ साली मांडला : झोप जितकी होते साधारण तितकाच वेळ अंथरुणावर राहावयाचे. हे दोन्ही मार्ग आणि झोपेविषयीच्या भीतीची समजूत घालणे, असा मिळून जो उपचार होतो, तोच जुनाट निद्रानाशावर प्रथम करावा अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या वैद्यांच्या संस्थेने २०१६ साली केली आहे.

आमच्या वाट्यास साडेपाच तास आले. रात्री बाराला निजावयाचे, पहाटे साडेपाचला उठावयाचे, रविवारीसुद्धा. दुपारची डुलकी बंद. खोलीतील घड्याळ बाहेर. चहा दुपारी दोनपर्यंत. त्याच सुमारास गोळीही तिच्या देखरेखीखाली पाव-पाव करून उतरविण्यास सुरुवात झाली. नऊला निजणाऱ्या माणसास बारापर्यंत जागे ठेवणे म्हणजे काय, हे ज्याचे त्यास ठाऊक. पहिले तीन आठवडे आम्ही अक्षरशः भिंत धरून चाललो. स्कूटर चालविण्यास तिने सक्त मनाई केली होती. अपस्मार किंवा अन्य काही विकार असणाऱ्यांनी हा प्रयोग आपल्या मनाने करू नये, असेही तिने बजाविले होते.

चौथ्या आठवड्यात एके रात्री आम्ही पुस्तक मिटून उठलो आणि पलंगापर्यंत पोहोचता पोहोचता डोळे मिटू लागले. हा अनुभव सात वर्षांत विसरून गेलो होतो. अंथरुणावरील वेळापैकी शेकडा ८५ भाग झोपेत जाऊ लागला की पंधरा मिनिटे वाढवावयाची, या हिशेबाने आज आम्ही रात्री अकरा ते पहाटे साडेपाच येथवर आलो आहो. दिवा मालविल्यावर सौ. पाच मिनिटांत झोपतात. विळी उभी करून ठेवण्याची शिस्त घरात अद्याप आहे.

येथे वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस एक गोष्ट सांगावीशी वाटते. तेरा ते अठरा या वयात आठ ते दहा तास झोप लागते, आणि याच वयात शरीराचे घड्याळ थोडे उशिराकडे सरकते. तेव्हा रात्री झोप लवकर येत नाही हा तुमचा आळस नव्हे, हे आम्ही तुमच्या पालकांदेखत लिहून देतो. मात्र उशापाशी मोबाईलचा दिवा लावून त्या घड्याळास आणखी पुढे ढकलणे, हा निसर्गाचा भाग नाही.

आमची दोन वाजताची जाग पुरती गेलेली नाही. महिन्यातून दोन-चार वेळा ती येते. मग पडून न राहता आम्ही आईच्या खोलीत जातो. प्रथम तेथे बसवत नसे. आता खिडकीशी खुर्ची आहे, मंद दिवा आहे आणि तिची ओव्यांची वही आहे. आईचे अक्षर बारीक, शाई फिकी, काही पानांवर हळदीचे डाग. ते सारे आम्ही दुसऱ्या वहीत स्वच्छ उतरवून घेत आहो. चार-सहा ओळी झाल्या की जांभई येते आणि आम्ही परत जातो. वहीची निम्मी पाने अजून राहिली आहेत. काम फार रेंगाळले, दिवसा का बसत नाही, असे सौ. विचारतात, परंतु दिवसा शाळा असते.