बाकी कोणाकडे?

तेलीबांध्याच्या तळ्याला संध्याकाळची फेरी घालताना मामांनी पुन्हा तोच विषय काढला. लहान मुलाला गंमत म्हणून छळणं वाईटच. सगळ्या जगानं ‘चालेल’ म्हटलं तरी ते चालत नाही. “मग हा कायदा कोणाचा? माणसाचा असता तर माणसानं केव्हाच बदलला असता.” म्हणून ईश्वर मानावा लागतो, असं त्यांचं म्हणणं.

पहिलं अर्धं मला मनापासून पटतं. दुसऱ्या अर्ध्याशी मी किती वर्षं झगडतोय! देवानं सांगितलं म्हणून छळ वाईट असेल, तर त्यानं उद्या उलट सांगितलं तर? तो तसं सांगणारच नाही म्हणावं, तर मग चांगलं काय ते त्याच्या सांगण्याआधीच ठरलेलं असतं.

शिवाय निरपवाद म्हणावं असं काय, तेही चटकन हाती लागत नाही. कर्णपर्वातला कौशिक सत्याचं व्रत पाळायचं म्हणून लुटारूंना लपलेल्या माणसांचा ठाव सांगतो आणि नरकात जातो. टिळकांनी ‘गीतारहस्या’त सत्याच्या अपवादांचा ऊहापोह केला आहे. त्या ग्रंथाचं हिंदी करणारे माधवराव सप्रे आमच्या रायपूरचे. १९०८ मध्ये ‘हिंदी केसरी’तल्या लेखांवरून त्यांना अटक झाली. थोरल्या भावाच्या काकुळतीपुढे नमून त्यांनी माफीनामा दिला आणि ते सुटले. भावासाठी वाकले म्हणून मी त्यांना दोष देणार नाही. त्यांना स्वतःला मात्र ते सोसलं नाही. रामदासी होऊन माधुकरी मागितली, दासबोधात बुडून गेले, पुढे त्याचंही हिंदी केलं. ही शिक्षा त्यांना कोणी सुनावली नव्हती.

“कोणी नाही कसं? रामरायासमोर उभे होते ते.”

मी आगरकरांचं नाव घेतलं. परलोकातल्या फळाची आशा न धरता, तुटपुंज्या पगारावर झिजून ते १८९५ मध्ये चाळिशीच्या आतच गेले. ते कोणासमोर उभे होते?

मामा कठड्याशी थांबले. नोकरीत असताना साहेबाच्या सांगण्यावरून त्यांनी एका कागदावर खोटी सही केली होती. त्यात एका मजुराची रोजी गेली. निवृत्तीनंतर ते त्याच्या गावी जाऊन सगळं सांगून आले. त्यानं चहा पाजला, “जान दे बाबू” म्हणाला. “त्यानं सोडून दिलं. सरकारनं कधी विचारलं नाही. तरी फिटत नाही रे. मग बाकी आहे ती कोणाकडे?”

‘तुमच्याचकडे’ हे उत्तर ओठांवर आलं होतं. पण ज्याच्या खात्यात बाकी, त्यालाच ती खोडता येत नसेल तर? देव आहे असं यावरून मला अजूनही म्हणता येत नाही. एवढं मात्र कळलं, की इतकी वर्षं मी मामांच्या कायद्याशी वाद घालत होतो आणि ते माफी शोधत होते.

“त्याची नात इथं नर्सिंगला आहे,” ते म्हणाले. “फी भरावी म्हणतो. तिला कारण काय सांगू?”

“खरं तेच सांगा.” कौशिक आठवला, तरीही मी तेच म्हणालो.