९० मिनिटांचं रामायण

तर झालं असं की मागच्या महिन्यात एका शुक्रवारी रात्री रिलीज अडकलं होतं. बिल्ड चालेपर्यंत करायचं काय, म्हणून मी आणि माझा रूममेट बीटल्सच्या व्हाइट अल्बमवर भांडत बसलो. १९६८ चा हा डबल अल्बम, ३० गाणी, ९३ मिनिटं. त्यातली बरीच गाणी त्या वर्षी हृषिकेशला महर्षींच्या आश्रमात बसून लिहिलेली. त्यांचा निर्माता जॉर्ज मार्टिन यालाच वाटायचं की दोनऐवजी एकच, पण झकास रेकॉर्ड काढायला हवी होती. झालं! आमचा खेळ सुरू. एका रेकॉर्डच्या दोन बाजू म्हणजे साधारण ४५ मिनिटं. कोणाला ठेवणार, कोणाला काढणार?

'रेव्होल्यूशन ९' वर एकमत झालं. आठ मिनिटांचा नुसता गोंगाट, हे माझं मत, पटत नसेल त्यांनी सोडून द्यावं. 'ब्लॅकबर्ड' आणि हॅरिसनचं गिटारवालं गाणं राहणार हेही ठरलं. पण 'रॉकी रकून' साठी हा पठ्ठ्या पहाटे दोनपर्यंत हटला नाही. एक गोष्ट मात्र तेव्हा लक्षात आली. प्रत्येकजण स्वतःला नकोसं आहे तेच आधी काढतो आणि मग त्याला कारणं शोधतो.

आणि मला एकदम आमच्या घरची कॅसेट आठवली.

आमचं गाव शिरूर अनंतपाळ. (पुण्यात नुसतं शिरूर म्हटलं की सगळे घोडनदीला जाऊन पोचतात, म्हणून लातूर जिल्हा असं सांगावं लागतं. असो.) १९९२ साली आजोबांनी लातूरच्या एका दुकानातून गीतरामायणाची कॅसेट भरून आणली होती. तेव्हा तशी पद्धत होती, यादी द्यायची आणि रेकॉर्डवरून कॅसेट भरून घ्यायची. गदिमा आणि बाबूजींचं गीतरामायण म्हणजे ५६ गाणी. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर सुरू झालं आणि १९५६ च्या रामनवमीला संपलं. दर आठवड्याला एक गाणं, म्हणजे खरं तर ५२ व्हायची, पण त्या वर्षी अधिक महिना आला आणि चार वाढली. डबल अल्बम कसला, हा तर डोंगर! आणि आजोबांकडे पैसे एकाच ९० मिनिटांच्या कॅसेटचे. त्यांनी १५ गाणी निवडली आणि आतल्या कार्डावर निळ्या शाईने नंबर टाकून लिहिली.

ती कॅसेट सगळ्यात जास्त वाजायची आत्याच्या शिलाई मशीनजवळ. आत्या लग्नानंतर दीड वर्षात माहेरी आली ती परत गेलीच नाही. का, ते आमच्या घरात कोणी बोलत नाही. मी लहानपणापासून तिला मशीनवरच पाहिलंय. एक बाजू संपली की तिचं एक ब्लाऊज होत आलेलं असायचं. मग मला हाक, "बाळा, पालट रे जरा." लोडशेडिंग असलं की सेलवर.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा टेप कधीच मेलेला होता, कॅसेट मात्र कपाटात जपून ठेवलेली. म्हटलं आत्याला फोनवर तीच १५ गाणी लावून देऊ. कार्ड समोर ठेवलं, दुसऱ्या बाजूला ५६ गाण्यांची यादी, आणि कामाच्या सवयीने दोन्हींचा फरक काढला. सुरुवातीची, वनवासाची निवड कोणीही केली असती अशीच. भरताची समजूत घालणारं रामाचं गाणं आहे, शबरी आहे. पण रावण मेला की पुढचं गाणं थेट मारुती रामाकडे वर मागतो ते, आणि कॅसेट संपते. मधली अग्निपरीक्षा नाही. शेवटी सीतेचे डोहाळे नाहीत. लक्ष्मण तिला वनात सोडतो तेव्हाचं तिचं गाणं नाही.

गंमत म्हणजे पहिल्याच गाण्यात लव-कुश रामासमोर गाताहेत. लहानपणी मी आजोबांना विचारलं होतं, ही पोरं वनात कशी काय? तेव्हा ते, "झोप आता," म्हणाले होते.

मी इतकी वर्षं समजत होतो की टेप संपली म्हणून संपलं. पण हिशोब केला तर १५ गाण्यांची ८१ मिनिटं भरली. सीतेचं ते गाणं सहज बसलं असतं. लातूरच्या दुकानात बसून यादी लिहिताना आजोबांच्या डोळ्यांसमोर काय होतं ते कळायला मला सत्तावीस वर्षं लागली.

मी आत्याला काही बोललो नाही. १५ गाणी जोडली आणि फोन मशीनजवळ ठेवला. तिने चष्मा वर करून यादी बघितली.

"शेवटचं ते एक राहिलं की रे. सीतेचं."

"ते कॅसेटमध्ये नव्हतं, आत्या."

"म्हाईत आहे मला. तुझ्या आजोबांनी घेतलंच नव्हतं. शेजारच्यांच्या रेडिओवर लागलं तरी मध्येच मला पाणी आणायला पाठवायचे." सुईत दोरा ओवत हसली. "मला काय ऐकू येत नव्हतं का आडापाशी? लाव."

लावलं. रेडिओवर वेगवेगळ्या गायकांनी म्हटलेली ही गाणी रेकॉर्डवर सगळी बाबूजींच्याच आवाजात आहेत, सीतेचीसुद्धा. पुरुषाचा आवाज आहे हे दोन ओळींनंतर लक्षातही राहत नाही. आत्याने मशीन थांबवलं नाही. फक्त कडव्यांच्या मधल्या जागेत पाय जरा हळू चालत होता.

संपल्यावर म्हणाली, "आजोबांना वाटायचं मी रडेन." आणि मग, "मारुतीच्या आधी टाकू नको हां. शेवटीच ठेव, जिथं आहे तिथं."

मी ठेवलं. सोबत अग्निपरीक्षेचं टाकू का विचारलं, तर म्हणाली, "ते नको. ते मला आवडतच नाही. रामाचं बोलणं बरोबर नाही त्यात."